गोधड्यांची खोली

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि माझी एक्केचाळीस सेकंदांची शांतता मोडली.

मी जेवणाच्या टेबलाखाली पालथी पडले होते. पुढ्यात रेकॉर्डर, कानांवर हेडफोन, टेबलावरून चारही बाजूंनी खाली सोडलेली रजई. शेजारच्या खोलीत शाल्मली पाळण्यात झोपलेली. फेब्रुवारीतली दुपारची तीनची वेळ, सांगलीतली गल्ली जेवून आडवी झालेली. मला फक्त एक मिनिट हवं होतं. कुठलंही रेकॉर्डिंग करण्याआधी त्या जागेची एक मिनिटाची नुसती शांतता नोंदवून ठेवायची, ही आमच्या मंडळाची रीत. हेर्लेकर सर म्हणायचे, पाहुण्याच्या घरी गेल्यावर आधी दारात चपला काढतो ना, तसं आहे हे. आधी खोलीला बोलू द्यायचं, मग आपण.

चौदा महिन्यांत मी रेकॉर्डरला हात लावला नव्हता. हात विसरलेत का, ते बघत होते.

झाकण खडखडलं तशी मी सरपटत बाहेर आले, पळत जाऊन गॅस बंद केला. दूध वाचलं. परत येऊन पाहिलं तर रेकॉर्डिंगमध्ये झाकण होतं, माझं सरपटणं होतं, कुठेतरी डोकं आपटल्याचा आवाज होता. मी ते पुसून टाकलं आणि पुन्हा टेबलाखाली शिरले. चौथ्या प्रयत्नाला मिनिट पुरं मिळालं.

हे सगळं चाललं होतं ते सकाळी सरांचा फोन आला होता म्हणून.

आमचं मंडळ म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हरिपूर रस्त्यावरच्या एका जुन्या हळदीच्या गोदामात दहा-बारा माणसं जमायची. कुणी मिरवणुकीचे स्पीकर लावणारा, कुणी कीर्तनांची रेकॉर्डिंग करणारा, कुणी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा. कुणी नवा माइक आणला की एकाच माणसाला तीच चार वाक्यं दहा वेळा बोलायला लावायची, माइक दोन बोटं पुढे घ्यायचा, दोन बोटं मागे घ्यायचा, आणि त्या दोन बोटांवरून भडंगाचा अख्खा डबा संपेपर्यंत वाद घालायचा. हेर्लेकर सर रेडिओतून निवृत्त झालेले. त्यांचं ऐकणं असं, की मागच्या खोलीत पंखा फिरतोय का आणि त्याचं एक पातं वाकलंय का, हे ते डोळे मिटून सांगायचे. लग्नाआधी पाच वर्षं मी त्या गोदामात एकही रविवार चुकवला नव्हता.

सर फोनवर म्हणाले की एका कॉलेजाच्या लोकसंगीत विभागाला हळदीच्या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी नोंदवायची आहेत. चाळीस बायका, दोन महिने, आणि रेकॉर्डिंगला एकच माणूस. तो माणूस कोण, हे त्यांनी मंडळावर सोपवलंय. अजित मगदूमनं नाव दिलंय, शिरगावेनं दिलंय.

"तिसरं तुझं टाकू का? नाही म्हणालीस तरी चालेल," सर म्हणाले.

"टाका."

"आणि बाळ?"

"बाळही येईल."

संध्याकाळी निरंजन कारखान्यातून आला तेव्हा त्याला सांगितलं. तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता आणि गळीत हंगाम ऐन भरात होता, म्हणजे रविवार नावाचा वार आमच्या घरी नव्हताच. तो वाईट बोलला नाही. पुढच्या वर्षी बघ की, एवढंच म्हणाला, तोवर ही चालायला लागेल. मी पोळ्या लाटत होते. गेल्याच आठवड्यात एका लग्नात त्याच्या मावशीनं कुणाला तरी माझी ओळख करून दिली होती, ही आमची उर्मिला, आधी साउंडमध्ये होती. त्या 'होती'वर मी तेव्हा हसले होते. घरी येऊन मात्र तो शब्द कुसळासारखा टोचत राहिला. पुढच्या वर्षी सरही मला फोन करणार नाहीत, हे मला पोळपाटावरच्या पोळीइतकं स्वच्छ दिसत होतं.

"रविवारी मी जाणार आहे," मी म्हटलं. "तू नसलास तरी."

रविवारी सकाळी दहाला मी गोदामात पोचले ती एका खांद्यावर रेकॉर्डरची पिशवी, दुसऱ्यावर लंगोटांची पिशवी आणि पोटाशी शाल्मली अशी.

"आली का साउंडवाली," मगदूम दारातच उभे होते. गोदाम त्यांच्या चुलत्यांचं. लग्नाआधी ते मला साउंडवालीच म्हणायचे. लग्नानंतर मी वहिनी झाले होते. त्या दिवशी त्यांना दोन्ही सुचलं. "म्हणजे वहिनी. दोन दोन मशीनं घेऊन आलाय की. यातलं वाजणारं कुठलं?"

"दोन्ही वाजतात. एकाचं बटण माझ्या हातात आहे."

"मग शिरगावे वाचला म्हणायचा," ते म्हणाले आणि त्यांनी शाल्मलीला माझ्याकडून उचलून घेतलं. त्यांच्या बायकोला, पद्मावहिनींना, त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. घर रस्त्यापलीकडेच. वहिनींनी मधल्या खोलीत, हळदीच्या पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये नऊवारीची झोळी बांधून तयार ठेवली होती. शाल्मलीनं थोडा वेळ पिवळ्या पोत्यांकडे बघितलं, दोनदा शिंकली आणि झोपून गेली.

गोदामाची रचना अशी. पुढे अंगण, तिथे वजनकाटा आणि लिंबाचं झाड. मग ही मधली खोली. आणि तिच्या मागे आमची खोली, चारी भिंतींना जुन्या गोधड्या टांगलेली. दर घरातून एक एक गोधडी आणून आम्हीच ती खोली मुकी केली होती. माझ्या आजोळची एक त्यात होती, जांभळ्या काठाची. आत टाळी वाजवली तर टाळी हातातच राहायची. एकच खोट होती, ती दाराची. मधल्या खोलीतून आत यायला पत्र्याचं एक दार, त्याला लोखंडी साखळी, आणि ते उघडताना वा लावताना असं ओरडायचं की अंगणातल्या चिमण्या उडायच्या. मगदूम पाच वर्षं म्हणत होते, पुढच्या बैठकीला तेल घालतो. म्हणून आमचा कायदा होता. एकदा साखळी लागली की टेक संपेपर्यंत दार उघडायचं नाही, आणि दार उघडलं तर तो टेक बाद.

परीक्षेची पद्धत सरांची. तिघांनाही गाणारी बाई एकच, खोली एकच, माइक तेच दोन. प्रत्येकाला अर्धा तास. आपला माइक कुठे ठेवायचा, बाईंना कुठे बसवायचं, ते ज्यानं त्यानं ठरवायचं. आत तो आणि गाणारी, बाकी सगळे बाहेर अंगणात, लिंबाखाली. नंतर प्रत्येकानं आपल्या आवडीचा एक टेक द्यायचा, सर त्यावर चिठ्ठी टाकून नंबर घालणार, आणि पडद्यामागून ते ऐकवणार. मग सगळ्यांनी हात वर करून मत द्यायचं. कुणाचं कुठलं ते फक्त सरांना ठाऊक, म्हणून त्यांना मत नाही. पडदा म्हणजे सरांच्या घरची जुनी चादर, पण तिचा मान मोठा होता.

गाणाऱ्या होत्या तानूबाई. सत्तरीच्या आतबाहेर, हडकुळ्या. हळदीच्या वखारीत हळकुंडांची बोटं निवडण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे नखं कायमची पिवळी झालेली. लग्नातली हळदीची गाणी त्यांना शंभरावर येत असत म्हणे. मगदूम आणि शिरगावेंनी आपापला अर्धा तास घेतला तोवर ऊन डोक्यावर आलं. मी आत गेले तेव्हा बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "आता तू कुटं बशिवतीस मला?"

"आहात तिथेच बसा. मी फिरते."

मी फिरले. बाईंसमोर गुडघ्यांवर बसून पाहिलं, बाजूनं ऐकलं, उकिडवी होऊन छताकडे कान लावला. शेवटी एक माइक त्यांच्या तोंडापासून हातभर, दुसरा खोलीच्या मध्यावर ठेवला. कोपऱ्यात रेकॉर्डर घेऊन मांडी घातली. एक मिनिटाची शांतता घेतली. मग पहिला टेक.

पहिला टेक स्वच्छ झाला. एकही चूक नाही, आणि ऐकताना मला जांभई आली. बाई माइककडे बघून गात होत्या, साहेबाच्या कचेरीत अर्ज वाचून दाखवावा तशा. दोघांसमोर तेच तेच गाऊन त्या थकल्याही होत्या. घड्याळात आठ मिनिटं उरली होती.

दोन टेकच्या मधे दार ओरडलं. पद्मावहिनींनी डोकं आत घातलं, दबक्या आवाजात काहीतरी सांगितलं, मी मान डोलावली. दार पुन्हा ओरडत लागलं. मी बाईंना म्हटलं, पुन्हा एकदा गाल का, तुम्हाला हवं ते. आणि बटण दाबलं.

दुसरा टेक सहा मिनिटांचा झाला. तो संपल्यावर मी हेडफोन काढले, साखळी काढली, मधल्या खोलीत गेले. शाल्मली झोळीत झोपलेली होती. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत ओलीची एक रेघ होती. मी ती बोटानं पुसली आणि अंगणात जाऊन सरांना सांगितलं, माझा दुसरा टेक घ्या.

"पहिला ऐकून बघणार नाहीस पुन्हा?"

"नाही."

जेवणं झाल्यावर पडदा लागला. आम्ही सगळे चटईवर. तानूबाई दाराशी, बशीत चहा ओतून घेतलेल्या. पद्मावहिनी शाल्मलीला मांडीवर घेऊन माझ्याशेजारी.

पहिल्या चिठ्ठीचं रेकॉर्डिंग ऐकून सगळे हसले, कारण ते कुणाचं हे लपणारच नव्हतं. बाईंचा आवाज इतका जवळून, इतका भरघोस, की त्या मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर उभ्या आहेत असं वाटावं. मगदूम स्वतःच म्हणाले की यात नुसता बँजो कमी पडलाय. दुसरं रेकॉर्डिंग काचेसारखं. बाईंच्या बांगड्या मोजता येत होत्या. लोक माना हलवत होते. हे शिरगावेचं, मला कळलं. शिरगावे चांगलाच होता.

मग सर पडद्यामागून म्हणाले, "चिठ्ठी नंबर तीन."

हळदीचं गाणं सुरू झालं. तेच, आत्ताच सगळ्यांनी दोनदा ऐकलेलं. दीड मिनिट तसंच गेलं. कुणीतरी भडंगाच्या डब्याकडे हात नेला. आणि लांबून, गोधड्यांच्या पलीकडून, बाळाचं रडणं आलं. आधी कुरकुर, मग हुंदका, मग टिपेचं.

भडंगाचा हात तिथेच थांबला. शिरगावेनं माझ्याकडे पाहिलं.

रेकॉर्डिंगमध्ये बाईंनी ओळ अर्ध्यात सोडली. थोडा वेळ फक्त रडणं होतं. मग त्यांनी दुसरंच काहीतरी धरलं. ते लग्नाचं नव्हतं. पाळण्याचंही म्हणता येईना, पाळणे हळू असतात. हे लांब होतं, ताणलेलं, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक घालावी तसं. त्यात शब्द फार नव्हते. ऊन उतरतंय, मी आहे, ऊन उतरतंय, मी आहे, एवढंच फिरून फिरून. आणि प्रत्येक फेरीला रडणं एकेक पायरी खाली येत गेलं. चौथ्या मिनिटाला ते थांबलं. बाई थांबल्या नाहीत. आणखी दोन मिनिटं त्या झोपलेल्या बाळासाठी गात राहिल्या, हळूहळू आवाज मागे घेत, जणू एकेक पाऊल टाकत दारातून मागे सरताहेत.

संपल्यावर मगदूम म्हणाले, "वहिनी, तुम्ही मशीन सोडून पोरीकडं उठलात, आन् मशीननं आपलं काम केलं बगा."

सगळे हसले, पण तो हसण्याचा आवाज ओला होता. पद्मावहिनींनी माझा हात धरला. "बरं झालं बाई तू उठलीस," त्या कानाशी म्हणाल्या. "मी नेमकी घरी पाणी तापवायला गेलेली. तुला सांगून गेले खरी, पण जिवाला घोर लागला होता, जागी झाली तर जवळ कुणी नाही म्हणून."

मी मान डोलावली. त्या दिवसातली दुसरी वेळ.

शिरगावे मात्र उभा राहिला. तो चिडका नव्हता, नेमका होता. त्यानं शांतपणे सांगितलं की रेकॉर्डिंग सुंदर आहे, पण बाहेरचा आवाज आला की टेक बाद, हा नियम आपण सगळ्यांनी मिळून केलाय. मगदूमांनी तोड काढली, रडणं काढून टाकता येतंय की आता, तासाभराचं काम, मग तर झालं? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काढता येईल," मी म्हटलं. "पण ते काढल्यावर बाई गातायत कुणासाठी?"

सरांनी चादर बाजूला केली आणि तो टेक दीड मिनिटापासून पुन्हा लावला. डोळे मिटून ऐकला. मला वाटलं, आता नाव गेलं. आणि घरी जाऊन निरंजनला पुढच्या वर्षी बघते म्हणायचं कसं, ते शब्द मी मनात लावायलासुद्धा घेतले. सर म्हणाले, "बाहेरचा आवाज म्हणजे ज्याचा गाण्याशी संबंध नाही असा. हा आवाज काढला तर गाणं उरत नाही. बाद नाही."

हात वर झाले. दहांतले सात मला. त्यात एक शिरगावेचा होता.

लोक पांगले. मी वायरी गुंडाळत होते, एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. सर दुसरं टोक धरून उभे होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "एक मिनिट बावन्न सेकंदांवर लेव्हल चढलीय."

मी वेढे घालत राहिले.

"हळूहळू चढलीय. बाई तोंड फिरवतात, आवाज पडतो, आणि कुणीतरी बटण सावकाश वर नेतं. खोलीची हवासुद्धा त्याबरोबर वर येते. इतकं सावकाश नेलंय की बाकी कुणाला कळलं नाही. चांगला हात आहे."

"सर..."

"मी तुलाच मत दिलं असतं. मला मत नाही, म्हणून सांगतोय. यांनी दिलं ते तू उठलीस म्हणून." वायरीचं टोक त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "मी दिलं असतं ते तू उठली नाहीस म्हणून."

ते गेले. मी तिथेच बसले.

मी उठले नव्हते.

मधल्या खोलीत कुणी नाही आणि अंगणातल्या गप्पांत तिचं रडणं कुणाला ऐकू जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. वहिनींनी सांगितलेलं ते तेच. आणि माइकमधून आलेलं रडणं खऱ्यापेक्षा जवळचं असतं. हेडफोनमध्ये शाल्मली माझ्या दोन कानांच्या मधे, कपाळाच्या आत रडत होती. पहिल्या हुंदक्याला माझ्या छातीत दूध उतरलं. कुर्ता ओला झाला. शरीर केव्हाच उठलं होतं. तानूबाईंनी ओळ सोडून माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला समजत होतं की दार उघडलं की टेक गेला, पहिला टेक तर मेलेलाच आहे, आणि तिसऱ्याला वेळ नाही. बाईंनी तोंड दाराकडे वळवलं आणि ते दुसरं गाणं धरलं. मीटरचा काटा खाली आला. तेव्हा माझा हात हलला. दाराकडे नाही. बटणाकडे.

अडीच मिनिटं माझं बाळ एकटं रडलं आणि मी त्याची लेव्हल सांभाळली.

तानूबाईंना रिक्षापर्यंत सोडायला मी गेले. मला वाटलं होतं, त्या काहीतरी बोलतील, आणि त्यांनी बोलावं असं मला हवं होतं. त्यांनी रिक्षात बसून पदर सारखा केला.

"लई चिकट हायस," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, ते गाणं कुठलं, कुणी शिकवलं.

"शिकवतंय कोन. वखारीत उजेडाची जागा सापडली की बाय तिथनं हालायची न्हाई. उठली की जागा गेली, दुसरी बसायची. आन् पोरं भाईर, लिंबाखाली. माजी थोरली लई रडायची." त्यांनी पिवळ्या बोटांनी हवेत एक लांब रेघ ओढली, आतून बाहेर. "मग बसल्या जागंवरनं तिला आवाज टाकायचा. म्या बी कवा उठले न्हाई."

"मोठी झाल्यावर ती काही म्हणाली?"

रिक्षा सुरू झाली. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

दोन महिने मी अडतीस बायकांकडे गेले. दोघी तोवर गेल्या होत्या. शाल्मली बरोबरच असायची, कधी कुणाच्या ओट्यावर, कधी कुणाच्या मांडीवर, आणि अकरा गावांच्या रेकॉर्डिंगमध्ये तिचा काही ना काही आवाज आहे. त्या अडतिसांतल्या सतरा बायकांना ते बसल्या जागेवरचं गाणं येत होतं. प्रत्येकीचे शब्द वेगळे, चाल तीच, लांब, भिंतीपलीकडे फेकलेली. ते कुठल्याही संग्रहात नव्हतं. कॉलेजानं त्याचा वेगळा विभाग केला. त्या कामावरून पुढचं काम आलं, त्यावरून त्याच्या पुढचं. निरंजनच्या मावशी आता माझी ओळख करून देताना वर्तमानकाळ वापरतात.

तानूबाई तिसऱ्या वर्षी गेल्या.

त्या दिवसाची गोष्ट मात्र आमच्या घरात, मंडळात, मगदूमांच्या अंगणात इतक्या वेळा सांगितली गेली की ती आता गुळगुळीत झालीय. तू रडलीस, आई सगळं टाकून धावत आली, आणि तेवढ्यात आजींनी गाणं म्हटलं. शाल्मलीला ती तोंडपाठ आहे. ती कुणालाही ती सांगते, आणि 'धावत आली'ला स्वतः धावून दाखवते. मी कधी दुरुस्त केली नाही. दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी.

शाल्मली आता साडेसहा वर्षांची आहे. दुसऱ्या रविवारी माझ्याबरोबर गोदामात येते, तिची स्वतःची उशी आहे तिथे. खोलीची शांतता घेताना ती ओठ आत ओढून बसते आणि मिनिट संपलं की सोडते. मगदूमकाकांच्या दाराची नक्कल तिच्याइतकी कुणाला जमत नाही. ती केली की काका हात जोडून म्हणतात, घालतो बाई तेल, पुढच्या बैठकीला घालतो.

काल दुपारी मी कपडे घडी करत होते. ती माझे हेडफोन लावून टेबलाखाली बसली होती. हवं म्हणाली म्हणून मी तिला ते रेकॉर्डिंग लावून दिलं होतं, पहिल्यांदाच. इतकी वर्षं गोष्ट होती, आवाज दिला नव्हता. एकदा ऐकून झाल्यावर ती हसली, मी किती रडतेय, म्हणाली. मग तिनं स्वतःच ते पुन्हा सुरुवातीपासून लावलं. या वेळी हसली नाही. डोळे मिटले होते आणि कपाळाला आठी होती, हेर्लेकर सरांना पडते तशी.

टेबलाखालून तिनं डोकं बाहेर काढलं. एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"आई, तू धावत आलीस ना माझ्याकडे?"

माझ्या हातात तिचा फ्रॉक होता. त्याची एक बाही आत गेली होती, ती मी बाहेर काढत राहिले.

"मग यात दार कुठं वाजतंय?"